बांधावरची भूमिती

अमरावतीत इंजिनिअरिंगचं कॉलेज निघालं, त्या साली तिवशाच्या अंबादासनं शाळेत बीजगणित-भूमिती घेतली. त्या विषयाशिवाय तिथं दारातही उभं करत नव्हते, आणि पोराला इंजिनिअरच व्हायचं होतं. बाप खुशालरावांनीही लगेच हो म्हटलं, कारण धाकटा भाऊ रामराव दर साली बांध कोरतो, हे सिद्ध करायला त्यांना घरचाच मोजणीदार हवा होता.

त्या पेरणीला खुशालरावांनी रामरावाचा हात मोडला आणि रामरावानं यांच्या टाळक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला. दोघांना एकाच बैलगाडीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. वाटभर त्यांनी एकमेकांची आई काढली. ती एकच असल्यानं तिला दुप्पट शिव्या बसल्या.

टाके वाळले तसे खुशालराव पोराला वावरात घेऊन गेले.

"मोज आता. रामरावानं आपलं किती खाल्लं थे सांग, मंग व्हय इंजिनेर!"

अंबादासनं दोरी ताणली, काटकोन धरला, पटवाऱ्याच्या नकाशाशी ताडून पाहिलं. पुन्हा एकदा मोजलं.

"बाबा, काकाजीनं काईच नाही खाल्लं. त्याहिचंच नांगराची चार तासं वावर आपल्यात हाय."

खुशालरावांनी बांधापासून घरापर्यंत त्याला त्याच दोरीनं फोडून काढलं.

 

 

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन ते हेडमास्तरांना हात जोडून म्हणाले, "गुर्जी, पोरगं गनितात लय कच्चं हाय. त्याले संस्कृत द्या."