एकच बॅटरी

पहाटे शेतातल्या खोपडीत वच्छलाला जाग आली ती टकटक आवाजाने. कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं मशीन चालू होतं! शेतात विजेची लाइन नव्हती आणि सोलर प्लेटवर भरणारी बॅटरी एकच होती. ती बॅटरी रात्री तिने स्वतः चंद्रभानच्या श्वासाच्या मशीनला जोडली होती, त्याच्या नाकावर मास्क बांधला होता. त्याशिवाय झोपेत नवऱ्याचा श्वास अडकायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, मास्कशिवाय डुलकीसुद्धा नको.

अंधारात तिने बाजूला हात फिरवला. मास्क हाताला लागला, माणूस लागला नाही.

"अवो! कुठी आहा तुमी?"

"कायले बोंबलते वं? बांधावर आहो." ती धावत बांधावर गेली, तर चंद्रभान टॉर्च घेऊन बसला होता. "रानडुकरं सारा हरभरा साफ करतीन, म्हणून बॅटरी झटक्याले लावली. मी झोपलोच नाई, त श्वास कसा अडकन?"

"आन् रोज असंच करता?"

"रोजच. तू घोराले लागली का मास्क काढतो."

मशीन असूनही हा भरदुपारी उभ्या-उभ्या का पेंगतो, हे तिला आत्ता कळलं. तेवढ्यात बोलता बोलता त्याची मान छातीवर पडली. एक घोरणं निघालं आणि मध्येच तुटलं.

तिने त्याला गदागदा हलवून जागं केलं, ओढत खोपडीत आणलं. झटका बंद करून बॅटरी आणली आणि मास्क बांधला.

"डुकरं येतीन ना वं," तो मास्कच्या आतून पुटपुटला.

वच्छलाने बडवायला रिकामा डबा उचलला.

"येऊ द्या. आता झटका मीच."