बोटाखालचा खळगा

स्पर्शाने वाचायच्या यांत्रिक टेबलाचा पृष्ठभाग जागोजागी हळूहळू वर आला आणि आलेखाची रेघ कुमुदिनी ठोंबरेच्या बोटांखाली उमटली. कुमुदिनी जन्मापासून अंध होती. मिरजेच्या या वर्गात ती स्पर्शाने आलेख वाचायला शिकत होती. आज सरावाला एका दूरच्या ताऱ्याच्या प्रकाशाच्या नोंदी होत्या.

रेघ सपाट होती, पण मध्येच बोट किंचित खाली गेलं.

"सर, इथे खळगा आहे."

"यंत्राची चूक असेल," मुजावर सर म्हणाले. "सॉफ्टवेअरला सांग, ते रेघ गुळगुळीत करून देईल."

कुमुदिनीने तसं केलं नाही. ती पुढे चाचपत गेली. दुसरा खळगा लागला, मग तेवढ्याच अंतरावर तिसरा. तिने वितीने अंतर मोजलं आणि टेबलाच्या कोऱ्या भागावर बोट टेकवलं.

"पुढचा इथे येईल. आता पुढच्या नोंदी टाका."

सरांनी टाकल्या. रेघ तिच्या हाताखाली वर आली, फक्त बोटाखाली तेवढी दबलेली राहिली.

सरांनी ज्ञात ग्रहांची माहिती पुन्हा पुन्हा तपासली. मग ते तिच्याशेजारी येऊन बसले.

"ताऱ्यासमोरून एक ग्रह ठरावीक काळाने जातोय, दर वेळी ताऱ्याचा थोडा प्रकाश अडवतोय. आजवर कुणालाच माहीत नव्हता. पृथ्वीएवढा असावा."

"तुम्हाला दिसतो का तो?"

"नाही. कुणालाच दिसणार नाही, इतका लांब आहे."

"मग हात द्या," असं म्हणून कुमुदिनीने त्यांचं बोट अलगद त्या खळग्यात ठेवलं.