पत्रकावरचं घर

टपालात आलेल्या पत्रकावरचं घर आपलंच आहे, हे गुरुनाथ सबनीसांना पायऱ्यांवरून कळलं. कठड्याला तो विटकरी रंग त्यांनी स्वतःच्या हाताने दिला होता. पायऱ्यांवर चपलाबुटांचा ढीग, हिरवळीवर चढवलेल्या गाड्या, दारात पाठमोरी दाटलेली माणसं. गेल्या महिन्यातला गणपती. कुणीतरी समोरच्या बाजूने फोटो काढला होता. वर लाल ठसठशीत अक्षरं होती: ‘एका घरात किती माणसं? पुढची गल्ली तुमची!’ आणि खाली अमेरिकेतल्या त्यांच्या काउंटी बोर्डाचे, म्हणजे जिल्हा परिषदेसारख्या मंडळाचे, उमेदवार वॉरन हॅली यांचं हसरं तोंड.

शोभनाने चष्मा लावून पत्रक नीट वाचलं.

“छान,” ती म्हणाली. “ह्याच माणसाला ना आपण ऑगस्टमध्ये घरी बोलावून वडे खायला घातले? तुम्ही चाळीस लोकांकडून चेक गोळा करून दिलेत, ते ह्याच्यासाठी?”

तेवढ्यात जवळच्या हर्नडन गावाहून, गणपतीला येऊन गेलेल्या विनयचा फोन आला. “काका, मला इथे मत नाही, पण आधीच्या भाडेकरूच्या नावाने पत्रक आलंय. पायरीवर माझ्या कोल्हापुरी दिसतायत यार, क्लिअर!” तो हसत होता. सबनीसांनी फोन ठेवून दिला.

प्रचाराचं ऑफिस पिझ्झाच्या दुकानाशेजारी होतं. शोभना गाडीतून उतरली नाही. “मी त्या माणसांची तोंडं बघणार नाही,” एवढंच म्हणाली.

आत टॉड नावाचा पोरगेलासा मॅनेजर एकटाच बसला होता. सबनीसांनी पत्रक त्याच्यासमोर आपटलं.

“हे माझं घर आहे.”

टॉडने पत्रक पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले, पण आवाज हलला नाही. “सॉरी, सर. फोटो एका मतदाराने पाठवला. आम्ही पत्ता विचारत नाही.”

“कोणत्या मतदाराने?”

“ते नाही सांगता येणार. पण तुमच्याच गल्लीतला असणार, नाही का?”

सबनीस खुर्चीत बसले. सव्वीस वर्षं त्या गल्लीत काढली होती. डोळ्यांसमोरून एकेक घर गेलं, आणि एकाही घरापाशी त्यांना खात्रीने पुढे जाता येईना.

टॉडने भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. “हा पट्टा बघा. दहा वर्षांत इथली निम्मी माणसं बदलली. जी जुनी राहिली, ती घाबरलेली आहेत. पैसे थोडे असतात, सर, सगळ्यांना पत्रक पाठवणं परवडत नाही. घाबरलेल्यांनाच पाठवतो.”

“मग मला का आलं?”

“तुम्ही त्या यादीत आहात. हॅलींना तुम्हीच म्हणाला होतात ना, बाहेरून आलेल्या ह्या लोकांनी गल्ल्या भरल्या, घरांच्या किमती पडल्या? तुमच्यासमोरच मी लिहून घेतलं होतं.” मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “हे तुमच्याविषयी नाहीच, सर. तुम्ही वेगळे आहात.”

हेच वाक्य सबनीस स्वतः कितीतरी वेळा बोलले होते. दुसऱ्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकलं.

“हा फोटो पुन्हा छापायचा नाही,” ते म्हणाले. “नाहीतर चेक देणाऱ्या सगळ्यांना फोन करून सांगेन.”

“नाही छापणार. पण दुसरं पत्रक शुक्रवारी जातंय, आणि त्यात घर तर हवंच.” टॉडने पेन उचललं. “तुमच्या माहितीत आहे एखादं?”

सबनीसांनी उठून जायला हवं होतं. दार चार पावलांवर होतं. काचेतून शोभना दिसत होती, गाडीत ताठ बसलेली. पण उद्या देवळातले लोक हसतील, परवा गल्लीतले बघतील, आणि शुक्रवारी पुन्हा तेच घर आलं तर? त्यांनी घसा खाकरला आणि आपल्या मागच्या रस्त्यावरच्या एका घराचा नंबर सांगितला. टॉडने तो लिहून घेतला, थँक यू म्हणाला आणि दारापर्यंत पोचवायला आला.

“काढून टाकणार ना तो फोटो?” शोभनाने विचारलं.

“काढून टाकणार.”

“मग त्याच्या जागी काय छापणार?”

“ते त्यांचं ते बघतील.” त्यांनी गाडी सुरू केली.

मागच्या रस्त्याने जाऊ नये असं त्यांना वाटत होतं, पण हात सवयीने तिकडेच वळले. त्या घराच्या हिरवळीवर दोन पिकअप ट्रक आणि एक जुनी व्हॅन उभी होती. पायरीवर शोभनाच्या ओळखीची, एल साल्वादोरची मार्ता बसली होती, मांडीवर तान्हं बाळ घेऊन.

“अगंबाई, हॉस्पिटलमधून आली वाटतं! थांबवा, थांबवा.” गाडी पुरती थांबायच्या आत शोभना उतरली. मार्ताने हसून बाळ तिच्या हातात दिलं.

सबनीसांनी काच खाली केली. “त्यांना ह्या गाड्या हिरवळीवरून काढायला सांग,” ते मराठीत म्हणाले. “आत्ताच्या आत्ता.”

“का?”

“सांग नुसतं.”

शोभना बाळाला धरून वळली. तिने त्या ट्रककडे पाहिलं, मग घराच्या नंबराकडे, मग नवऱ्याकडे. सबनीस समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

“काय म्हणतात मिस्टर?” मार्ताने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

शोभनाने बाळाचं टोपडं सारखं केलं.

“म्हणतात,” ती म्हणाली, “बाळ फार गोड आहे.”