दगडफुलाचे मोजे

आमच्या हॅरिस बेटावर मासेमारीला जाणारा माणूस दगडफुलानं रंगवलेले मोजे घालत नाही. दगडफूल आपल्या खडकाकडे परत जायला बघतं आणि मोज्यांसकट माणसालाही खाली ओढतं म्हणे. म्हणून आईनं माझ्या भावाला, टॉर्मोदला, कायम पांढरेच मोजे विणले. तो सगळे नियम पाळून पांढऱ्या मोज्यांत बुडाला. होडी सापडली, तो नाही. पाद्रीबाबा म्हणाले, आता वाट पाहू नका. आई 'बरं' म्हणाली आणि चमचा घेऊन खडकांवरचं दगडफूल खरवडायला गेली. लोकर त्यात उकळून तांबूस झाली. त्याच्या मापाचे मोजे विणून तिनं एक धक्क्यावरून पाण्यात सोडला. "आता कशाला गं?" मी विचारलं. "बुडून झालंय त्याचं. दगडफूल त्याला आपल्या खडकांपाशी आणेल." "आणि दुसरा?" "तो घरीच राहू दे. शोधत येईल. जन्मभर दुसरा मोजाच शोधत होता गधडा."