कानावरचा मोजा

चार्वीच्या कपाळावरची मनपट्टी तिच्या मनातलं सगळं घरभर सांगायची, "दूध हवंय!", "उचलून घ्या!" म्हणूनच तीन वर्षांची झाली तरी चार्वी एक शब्दही बोलली नव्हती. आज मुक्ताताईने ती पट्टी काढून चक्क डब्यात ठेवली.

मग ताई तिला मोजे घालायला बसली, तसा चार्वीने पाय पुढे केला. ताईने मोजा स्वतःच्या कानावर अडकवला.

"वेडी आहेस का गं?" पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली. "रडेल ती. लाव पट्टी!"

"पाचच मिनिटं, आई!"

चार्वी डोळे विस्फारून बघत राहिली. मग खुदकन हसली आणि ताईकडे बोट दाखवून म्हणाली, "वेडी!"

लाटणं थांबलं. आई पिठाच्या हातांनीच धावत आली, दुसरा मोजा कानावर अडकवून चार्वीसमोर बसली.

"आणि मी गं?"