विसरल्याची फुली

आमच्या साहेबांनी पॉलिमरची एक इवलीशी फिल्म तयार केली. ती खालच्या पापणीआड ठेवली की आठवडाभर अँटिबायोटिक हळूहळू डोळ्यात झिरपत राहतं, दिवसातून चार वेळा थेंब घालायला नकोत. "लोक थेंब घालायला विसरतात, सिस्टर," साहेब मला उठताबसता ऐकवायचे, जणू मीच सगळ्यांचे थेंब विसरत होते.

चाचणीत वीस जणांना थेंब दिले आणि वीस जणांना फिल्म. एकोणीस जणांच्या डोळ्यांत फिल्म आम्ही दवाखान्यातच बसवल्या. विसाव्या पेशंट साहेबांच्या आई, त्यांची फिल्म साहेब स्वतः घरी बसवणार होते.

थेंबवाले किती वेळा विसरतात ते मोजायला मी त्यांना दिवसातून चार वेळा फोन करायचा आणि विसरले की तक्त्यात फुली मारायची, हेही साहेबांचंच डोकं. माझा फोन आला की माणसं "हो हो, घालतोच" म्हणत बाटली उचलायची. आठवड्याने सगळ्या थेंबवाल्यांचे डोळे स्वच्छ झाले आणि तक्ता कोरा राहिला.

"तुमच्या फोनांनी माझ्या चाचणीचा बट्ट्याबोळ केला," साहेब माझ्यावरच उखडले.

आठव्या दिवशी त्यांच्या आई तपासणीला आल्या. डोळा लालभडक. "फिल्म हळूहळूच काम करते गं आई, जरा धीर धर," साहेबांनी समजावलं.

 

आईंच्या नावाचं फिल्मचं पाकीट मला दवाखान्याच्या फ्रीजमध्ये सापडलं, न फोडलेलं. तक्त्यातली पहिली फुली मी साहेबांच्या नावापुढे मारली.