बांधावरचा आवाज

"ओल भरपूर आहे, पाणी नको," शेत सलग चौथ्या दिवशी म्हणालं आणि द्रुपदाबाईचं डोकंच फिरलं. हल्ली मातीत पुरलेल्या बोलक्या यंत्रानं होकार दिल्याशिवाय कुणाच्याच शेतात पाणी सुटत नसे. इकडे हरभरा माना टाकत होता.

"माती खोटं बोलत नाही, मावशी," यंत्र बसवणाऱ्या संशोधक मॅडम समजावत होत्या.

"पुरलंय कुठं ते यंत्र?"

"बांधावर, झाडाच्या सावलीत. शेतात तण काढताना कोळप्यानं तुटलं असतं ना."

द्रुपदाबाईनं कपाळावर हात मारला. "अहो मॅडम, हरभरा काय बांधावर पेरलाय मी?"

तिनं तरातरा जाऊन यंत्र उपसलं आणि हरभऱ्याच्या ओळीत खुपसलं.

आता खरंखुरं शेत पहिल्यांदाच बोललं, कोरड्या, घोगऱ्या आवाजात: "आत्ता आलात होय विचारायला?"